गाडीतलं बोलणं

धाकटीनं मशीनचं चाक हातानं थांबवलं, सुई अर्ध्या टाक्यातच ठेवली आणि खिडकीतून समोर पाहिलं. समोर स्टेशनचा फलाट होता, मध्ये जेमतेम एका गल्लीचं अंतर. नुकत्याच थांबलेल्या गाडीतून थोरला दीर आणि थोरली जाऊ उतरत होती. थोरल्याच्या हातात चाकांची मोठी निळी बॅग होती. ती त्यानं दोन बोटांवर उचलली आणि जिन्याकडे वळताना तिला हवेत एक गिरकीही दिली.

"रिकामी बॅग घेऊन आलेत," धाकटी खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली.

मागे आरामखुर्चीत बसलेले अण्णा म्हणाले, "हो."

अण्णा म्हणजे तिचे सासरे. ते सगळ्यालाच हो म्हणत. खिळ्यांच्या कारखान्यात उभा जन्म काढून त्यांचे कान गेले होते. कानात घालायचं यंत्र आणलं, ते त्यांनी चार दिवस घालून खणात टाकलं, कारण त्यात म्हणे माणसांपेक्षा भांडीच जास्त ऐकू येतात. तेव्हापासून आवाज कानावर पडला की हो. औषध घेतलंत का? हो. घेतलं नाहीत ना? हो. या हो-ला धाकटी इतकी विटली होती, की कधी कधी मुद्दाम भलतंच विचारायची. आज आभाळ पडलं का अण्णा? हो.

रिकाम्या बॅगेचा अर्थ सांगायला ज्योतिषी नको होता. थोरल्याचा फोन येऊन गेला होता. अण्णांना आता आम्ही घेऊन जातो, तुझ्यावर किती भार टाकायचा, तू पुष्कळ केलंस. ते "पुष्कळ केलंस" ऐकून धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कामवालीला काढून टाकताना असंच म्हणतात. तिचा नवरा, म्हणजे थोरल्याचा पाठचा भाऊ, जाऊन किती वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत थोरल्याला बापाची आठवण यायची ती वाढदिवसाला, तीसुद्धा फोनवर. अण्णांना न्हाणीत धरून नेणं, त्यांची नखं कापणं, ते पडले तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून तीन मजले खाली उतरवणं, हे सगळं करायला धाकटी होती. आता या रस्त्यावरच्या घरांना भाव आला असं कुठंतरी छापून आलं आणि लगेच साहेबांच्या पितृप्रेमाला पूर आला. घर अण्णांच्या नावावर होतं. अण्णा तिकडे गेले की तू तुझं बघ, असं फोनवर कोणी म्हणालं नाही. पण न म्हणता म्हणणं ही त्या माणसाची कलाच होती.

घर गेलं की धाकटीचं पोटही गेलं. खिडकीबाहेर तिनं मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती: पँट आखूड, चेन बदलून, उसवलेलं शिवून मिळेल. फलाटावर ताटकळणाऱ्या माणसांना दुसरं वाचायला काही नसायचं. पाटी वाचून माणसं एक जिना उतरून दुसरा जिना चढून तिच्याकडे येत. कपडे तयार झाले की ती ते खिडकीत टांगायची, आणि गिऱ्हाईक ऑफिसला जाता जाता फलाटावरूनच ओळखून हात करायचं. असं दुकान दुसरीकडे कुठं थाटणार होती ती?

शहरात बाकी सगळीकडे ही रेल्वे जमिनीखालून जाते. इथली जमीन तेवढी पाणथळ, म्हणून ती इथं बिळातून बाहेर येते, खांबांवर चढते आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांसमोरून धावते. फलाट दोन, रूळ मात्र तीन. कडेच्या रुळांवरच्या गाड्या इथं थांबतात. मधल्या रुळावरून जलद गाडी जाते, ती थांबत नाही. थांबणाऱ्या गाडीचा आवाज माणूस सोसू शकतो. जलद गाडी आली की काचा, ताटं, तोंडातले दात, सगळं थडथडायला लागतं आणि शेजारी बसलेल्याचं बोलणंही कळत नाही. जी गाडी आपल्यासाठी थांबत नाही तिच्यासाठी आपण थांबायचं, हा कुठला न्याय, असं धाकटी लग्न होऊन आल्या आल्याच म्हणाली होती. नवरा नुसता हसला होता.

कारण या घरातले लोक थांबायचे. वाक्याच्या मध्ये गाडी आली तर एक बोट वर करून थांबायचे आणि ती गेली की त्याच शब्दापासून पुढं. कुणाचं काही निसटलंच तर "गाडीत गेलं" म्हणायचे. आणि मग ते गाडीतलं बोलणं, ते वेगळं. सासूबाई होत्या तेव्हा कुणाचा राग आला की त्या गाडीची वाट बघत, आणि आली की त्या माणसाकडे तोंड करून मनातलं सगळं ओठांवर काढत. नवऱ्याला सुनावत, मुलांना सुनावत, नव्या सुनेला तर रोजच सुनावत. समोरच्यानं काय म्हणालात म्हणून विचारायचं नाही. गाडीतलं धरायचं नाही, असा घरचा कायदाच होता. धाकटीला पहिल्यांदा हे वेड्यांचं घर वाटलं. पुढं तीच त्यात सगळ्यांच्या वरताण झाली.

सासूबाई गेल्या, नवरा गेला, घरात दोघंच उरली. मग ती गाडीत काय काय बोलली याला गणती नाही. अण्णांची एक खोड तिला फार झोंबायची. ती समोर आली की ते टक लावून तिच्या तोंडाकडे बघत, कामात खोट शोधणाऱ्या मुकादमासारखे. कधी बरं केलंस म्हणून म्हणाले नाहीत. थोरल्याचा फोन येऊन गेला एवढं कळलं की मात्र त्याचं कौतुक चार दिवस पुरायचं. असं काही झालं की धाकटी जलद गाडीची वाट बघायची. ती आली की मशीनवरून उठून अण्णांच्या पुढ्यात उभी राहायची आणि म्हणायची, खाल्लंत तुम्ही माझं आयुष्य. म्हणायची, जा ना एकदाचे त्या लाडक्याकडे, मी तरी सुटेन. गाडी जायची. ती हलकी होऊन परत मशीनवर बसायची आणि मान खाली घालून संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी चांगलं बोलत राहायची. कोण गिऱ्हाईक आलं, कोणाचं पोट कसं सुटलंय आणि तरी तो पँट जुन्याच मापाची करून मागतो, आज जरा मऊसं काही करून घालते हं तुम्हाला. मागून अधूनमधून हो यायचं.

घंटा वाजली. थोरली धापा टाकत आत आली. स्टेशनची लिफ्ट बंद होती. ती चालू असताना कोणी पाहिली असेल तर तो माणूस आता अण्णांच्या वयाचा असणार. "लवकरच सुरू होईल" ही पाटीसुद्धा गंजून गेली होती. तिकडचा जिना उतरायचा आणि इकडचा तेवढाच चढायचा, यात थोरलीचे गुडघे बोलायला लागले होते. पाणी पिता पिता तिनं सांगून टाकलं, की अशा जागी म्हाताऱ्या माणसाला ठेवायचं म्हणजे पापच आहे. ठेवायचं म्हणे. जसं काही धाकटीनं अण्णांना माळ्यावर टाकलं होतं.

थोरल्यानं बॅग दाराशी उभी केली. दोन खुर्च्या ओढून नवराबायको अण्णांच्या समोर बसली. मग थोरल्यानं पुढं वाकून, बहिऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या मोठ्या आवाजात, तिकडच्या घराचं वर्णन सुरू केलं. तळमजला आहे. खोलीलाच लागून न्हाणी आहे. खिडकीतून झाडं दिसतात. मुख्य म्हणजे शांतता. पान पडलं तरी ऐकू येतं, अण्णा. बहिऱ्या माणसाला दाखवायला काय पण आमिष शोधलं होतं.

"या गाड्यांनीच कान गेले तुमचे," थोरला म्हणाला.

"कारखान्यानं गेले," धाकटी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तेच ते."

ती चहा इतक्या रागानं ओतत होती, की तो बशीत जास्त आणि कपात कमी पडत होता. तिला वाटत होतं, आता अण्णा काहीतरी म्हणतील. निदान एकदा मान वळवून विचारतील, की हिचं काय. अण्णा आळीपाळीनं लेकाच्या आणि सुनेच्या तोंडाकडे बघत होते, नेहमीसारखे, टक लावून.

थोरल्यानं विचारलं, "मग येताय ना आमच्याकडे?"

"हो," अण्णा म्हणाले.

थोरल्याचा चेहरा खुलला. त्यानं दाराकडे वळून धाकटीला सांगितलं, की बघ, त्यांचीही इच्छा आहे. धाकटी म्हणाली, ते सगळ्यालाच हो म्हणतात, विश्वास नसेल तर विचारून बघा आज आभाळ पडलं का. त्यावर थोरला फार समजूतदारपणे म्हणाला, की तू यात पडू नकोस, हा आमच्या घरातला प्रश्न आहे.

आमच्या घरातला. ज्या घराच्या फरशीचा कुठला तुकडा आता हलतो हे त्याला ठाऊक नव्हतं, ते याचं घर. नाकानं कांदे सोलत आला होता आणि तिला उंबऱ्याबाहेर उभी करत होता. धाकटीनं उत्तराला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात जलद गाडी आली.

सगळी थांबली. थोरला याच घरात वाढलेला, कायदा त्यालाही पाठ होता. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून तो बायकोकडे थोडासा कलला आणि काहीतरी म्हणाला. तिनं काहीतरी विचारलं. त्यानं मान हलवून आणखी दोन शब्द सांगितले. धाकटी ट्रे घेऊन त्यांच्या मागे दारात उभी होती. तिला त्या दोघांच्या पाठी दिसत होत्या आणि पाठींच्या मधून अण्णांचा चेहरा. त्या चेहऱ्याकडे बघून तिचा तोल सुटला. बसलेत हो म्हणून. इतकं केलं, आणि या माणसाला एकदा नाही म्हणवलं नाही. ती उभ्या जागेवरून, एकेक शब्द दातांखाली चावत म्हणाली, "जा. जा एकदाचे. सुटले मी."

गाडी गेली. काचा थांबल्या.

"जातो," अण्णा म्हणाले. मग त्यांनी थोरल्याकडे पाहिलं. "पण मधले दोन-तीन महिने तुझ्याकडे कशाला? वृद्धाश्रमातच ठेवायचं आहे तर सरळ तिथं सोड. आणि हिला महिन्याभरात काढू म्हणालास, ते होणार नाही. घर मी हिच्या नावानं करणार आहे."

खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं, तेवढाच आवाज.

"कोण म्हणालं असं?" थोरल्यानं विचारलं.

"तू. आत्ता. तुझी बायको म्हणाली, भाडेकरू मिळेल का लगेच. तू म्हणालास, बघून ठेवलाय."

थोरल्यानं आधी बापाच्या उजव्या कानात पाहिलं, मग मान तिरकी करून डाव्या कानात. यंत्र नव्हतं. अण्णांना त्याचं नवल वाटलेलं दिसलं. खिळे पाडणारी यंत्रं एकदम चालू झाली की तिथं कानानं कोण बोलणार, ते म्हणाले. सगळे ओठ बघून बोलायचे. घरच्या गोष्टी, मुकादमाला शिव्या, एकमेकांची चेष्टा, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यात सांगण्यासारखं काय आहे? त्यांना वाटत होतं, घरी ठाऊक असेल.

खरं तर थोरल्यानं तिथंच खाली मान घालायला हवी होती. पण उलट्या बोंबा मारणारी माणसं वेगळ्याच मातीची असतात. त्याचा चेहरा लाल झाला, तो उठून उभा राहिला आणि आपल्यावरच अन्याय झाल्यासारखा म्हणाला, "हे बरोबर नाही अण्णा. गाडीतलं धरायचं नसतं."

एरवी धाकटी यावर फलाटापर्यंत ऐकू जाईल इतकी हसली असती. पण ते वाक्य आज तिलाच येऊन लागलं. तिनं ट्रे तसाच जमिनीवर ठेवला. गाडीतलं. म्हणजे सासूबाई गेल्यापासूनचं, नवरा गेल्यापासूनचं, परवाचं, कालचं, आत्ताचं. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि अण्णांकडे बघवेना म्हणून चहाच्या कपांकडे बघत राहिली.

पुढचं फार लवकर आटपलं. थोरला म्हणाला, घर तिलाच द्यायचं असेल तर सांभाळू दे तिलाच, आम्हाला काय. थोरली म्हणाली, आपण फोनवर बोलू. चहाला कोणी हात लावला नाही. थोरल्यानं बॅगेकडे हात नेला तेव्हा अण्णा म्हणाले, "बॅग राहू दे," आणि थोरल्यानं ती पायानंच आत ढकलली. दोघांची पावलं जिन्यावरून खाली जाईपर्यंत धाकटी जागची हलली नाही.

हलले ते अण्णा. खुर्चीचा हात धरून उठले, भिंतीच्या आधारानं कपाटापर्यंत गेले, कपाट उघडून आपले शर्ट काढायला लागले. बॅग त्यांनी पलंगावर उघडून ठेवली होती. एक शर्ट, दुसरा शर्ट, मग मफलर. घाई नव्हती. धाकटीनं विचारलं, काय चाललंय हे. त्यांनी ऐकलं नाही. तिनं ओरडून विचारलं. ते कपाटात डोकं घालून हो म्हणाले.

तेव्हा ती गेली आणि कपाट आणि अण्णा यांच्या मध्ये घुसून उभी राहिली. आता त्यांना तिच्या तोंडाकडे बघावंच लागलं.

"कुठं निघालात?"

"तू सांगितलंस ना."

"ते गाडीतलं होतं."

"ठाऊक आहे मला."

"मग? गाडीतलं कोणी धरतं का? या घरात कोणी कधी धरलंय?"

अण्णा तिच्या खांद्यावरून हात घालून आणखी एक शर्ट काढू बघत होते. राग नव्हता त्यांना. शांतपणे म्हणाले, की त्या वृद्धाश्रमात कारखान्यातले दोघे जण आहेत. त्यांना ओठ कळतात, गप्पा होतील. घराची तू काळजी करू नकोस, ते मी बोललो म्हणजे बोललो. आणि थोरल्याचं म्हणशील तर त्यानं हसत हसत बायकोला सांगितलं. तू काय असेल ते निदान माझ्या तोंडावर सांगत आलीस. बरंच वाटायचं मला त्याचं.

धाकटीला वाटलं, या म्हाताऱ्याला धरून गदागदा हलवावं. बरं वाटायचं म्हणे. खाल्लंत माझं आयुष्य, हे ऐकून बरं वाटायचं.

"आणि मी बाकीचं बोलते ते?" ती म्हणाली. "ते नाही धरलंत?"

"बाकीचं कुठलं?"

"कुठलं काय. दिवसभर बोलते की तुमच्याशी. मशीनवर बसून."

अण्णांनी थोडा विचार केला. खरोखरच आठवून बघत होते.

"मशीनवर तुझी पाठ असते," ते म्हणाले.

धाकटीनं वळून पाहिलं. खिडकीपाशी मशीन होतं, मशीनपुढं स्टूल, स्टुलाच्या मागे खोलीच्या दुसऱ्या टोकाला आरामखुर्ची. स्वयंपाकघरातही तसंच, ओटा भिंतीकडे, आणि ती ओट्याकडे. इतकी वर्षं ती या माणसाशी बोलत होती. नवऱ्याची आठवण काढून रडली होती ती यांच्यापाशीच. अण्णा आजारातून उठले तेव्हा म्हणाली होती, तुम्ही आहात म्हणून संध्याकाळी दिवा लावावासा वाटतो. ते सगळं खिडकीनं ऐकलं, फलाटानं ऐकलं, रुळांनी ऐकलं. अण्णांपर्यंत पोचल्या त्या नुसत्या शिव्या, त्याही स्वच्छ, शब्दन्‌शब्द, वर तोंड करून पाहिलेल्या. बाईच्या तोंडून आपल्याला कधी एक गोड शब्द आला नाही असं मानून हा माणूस तिच्या हातचं जेवत होता, तिच्या खांद्याला धरून न्हाणीत जात होता, आणि आता उठून घर तिच्या नावानं करणार होता.

लाज वाटली असती तर बरं झालं असतं. तिला आला तो रागच, आणि तो इतका आला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मग विचारायचं नाही?" ती म्हणाली. "माणसाला जीभ असते. ही अशी का बोलते, खरंच बोलते का, एकदा तरी विचारायचं. नुसतं हो हो करत बसलात."

"गाडीतलं विचारायचं नसतं," अण्णा म्हणाले.

कायदा त्यांनी पाळला होता. बाकी सगळ्यांनी सोयीनं वापरला आणि एकट्या त्यांनी पाळला. त्यांनी शर्टाची घडी छातीशी धरून केली आणि ती बॅगेत ठेवायला वळले. पुन्हा त्यांची पाठ झाली. धाकटीनं त्यांच्या दंडाला धरलं, आपल्याकडे वळवलं, आणि मान खाली जायला लागली तेव्हा हनुवटीखाली हात घालून ती वर केली. नव्या गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप घ्यावं इतक्या जवळून तिनं त्यांना धरलं होतं.

"इकडे बघा. आता गाडी नाहीये. बघताय का?"

ते बघत होते.

"तुम्ही गेलात तर मी भांडू कोणाशी?"

अण्णांचे डोळे तिच्या ओठांवरून हलले नाहीत. बोलणं संपल्यावरही ते तिथंच बघत राहिले, पुढचं यायचं बाकी असल्यासारखे.

"परत म्हण," ते म्हणाले.

"कळलंय तुम्हाला."

"परत म्हण."

तिनं तोंड उघडलं आणि लांबून काचा वाजायला लागल्या. जलद गाडी येत होती. अण्णांचं बोट सवयीनं वर गेलं. धाकटीनं ते बोट मुठीत धरून खाली केलं आणि थांबली नाही. गाडी घराच्या अंगावर आली, ताटं थडथडली, खिडकीत टांगलेल्या दोन पँटी वाऱ्यानं हलल्या, आणि ती त्यांच्या पुढ्यात उभी राहून बोलत राहिली. आवाज चढवला नाही, गरजच नव्हती. मशीनवर बसून सांगितलेलं पहिल्यापासून सांगायला घेतलं होतं तिनं, आणि मध्येच नाक पुसायला थांबली तेव्हा अण्णांनी तिचा हात तोंडावरून बाजूला केला. गाडी लांबलचक होती. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटत गेल्या, मग परत आल्या, मग ओठ तिच्या ओठांबरोबर थोडे थोडे हलायला लागले.

गाडी गेली तेव्हाही ती बोलतच होती.

"...आणि कालच इस्त्री करून ठेवलेले शर्ट, बघा, सगळे कसे कोंबून ठेवलेत," ती म्हणत होती.

अण्णांनी वाकून बॅगेतला वरचा शर्ट काढला आणि तिच्या हातात दिला. मग खालचा काढायला वाकले.